एकतीस जणांचं पीठ

मला मिळालेली खोली तळ्यापासून चाळीस पावलांवर होती आणि तिच्यातून तळं दिसत नव्हतं. तळ्याकडच्या भिंतीत खिडकी होती, म्हणजे पूर्वी कधीतरी होती. चौकट शाबूत होती, वरची फरशी होती, आणि मध्ये विटा. घरमालकांनी त्या स्वतःच्या हातानं लावलेल्या, म्हणून वाकड्यातिकड्या. वर गिलावासुद्धा केला नव्हता. "ही खिडकी मोकळी करता येईल का?" असं मी पहिल्याच दिवशी विचारलं. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग विटांकडे, आणि म्हणाले, "तठे काय शे पाहासारखं?"

नंदुरबारपासून स्कूटीवर वीस मिनिटांचं ते गाव. शहर हळूहळू सरकत तिथवर आलेलं. बँकेतली माणसं, माझ्यासारखे लांबच्या जिल्ह्यातून आलेले मास्तर आणि मास्तरणी, सगळे तिथं भाड्यानं राहायला बघत, कारण गाव शांत आणि तळ्याची हवा गार. संध्याकाळी बांधावर पोरंपोरी फोटो काढायला येत. प्लॉट विकणाऱ्यांनी रस्त्याला फलक लावले होते, त्यांवर निळंशार पाणी आणि एक विलायती बदक. त्या गावात तळ्याकडे पाठ करून बसणारा माणूस एकच होता, आणि नेमकी त्याचीच खोली मला मिळाली.

सगळं गाव त्यांना बापू म्हणे. मला तो माणूस कधीच आवडला नाही, हे आधीच सांगून टाकते. मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात, पण मी सांगलीला परत आले तेव्हा बापू चांगले ठणठणीत होते, आणि अजूनही असतील. अशी माणसं पुष्कळ जगतात.

घरभाडं भत्त्यासाठी मला करारावर मालकाची सही हवी होती. कागद पुढे केला तर बापूंनी ओसरीच्या कोनाड्यातून शाईची डबी काढली, अंगठा बुडवला आणि कागदावर दाबला. मला वाटलं, बिचारे अडाणी असतील. दुसऱ्या दिवशी बघते तर हेच गृहस्थ चष्मा लावून वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचताहेत आणि खिशाला पेन. मी जिजींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, विचारलं. जिजी गिलकी चिरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सातवी शिकेल शेत. अक्षर मोत्यासारखं व्हतं त्यास्नं. ती एक सही करी, नि मंग बंद."

ती एक सही म्हणजे तळ्याची. तीस वर्षांपूर्वी बापू सरपंच होते. साहेब लोक आले, ओसरीवर बसले, चहा घेतला, नकाशा उलगडला. इथं बांध घातला की गाव हिरवंगार होईल म्हणाले. बापूंनी भाऊबंदांना न विचारता गावाच्या संमतीच्या कागदावर सही ठोकली. विचारलं नाही, कारण विचारायची त्यांना सवयच नव्हती. भाऊबंदकीतले ते थोरले, आणि थोरल्यानं ठरवलं की ठरलं. तळं झालं. त्यांच्या सख्ख्या-चुलत भावांची वावरं पाण्याखाली गेली, बापूंची स्वतःचीही अकरा एकर गेली, जुनी मसणवट गेली. कालवा मात्र निघाला तो पलीकडच्या अंगानं, खालच्या गावांकडे. ज्यांची जमीन बुडाली त्यांच्या वाट्याला बांधावरची हवा आली. बापू ही गोष्ट कधी नाकारत नसत. "पानी ई म्हनेत, पानी उनं," असं ते म्हणत, म्हणजे पाणी येईल म्हणाले होते, ते आलं. "कोन्हाकडे उनं, ते इचारू नका. सही करेल हात मन्हाज शे."

हे ऐकायला बरं वाटतं. माणूस आपली चूक मान्य करतोय असं वाटतं. पण 'सही मी केली' आणि 'माझं चुकलं' यांच्यात फरक आहे, आणि तो फरक बापूंना चांगला कळत होता. भाऊबंदांचं मागणं एवढंच होतं. त्यांच्या एका पुतण्यानं मला नंतर सांगितलं, "बापूनी एक डाव म्हनानं, मन्हं चुकनं. आम्हले दुसरं काय बी नको." हे दोन शब्द तीस वर्षांत त्यांच्या तोंडून निघाले नाहीत.

त्यांच्या घरात राहायचं तर नियम होते. तळ्यातला मासा घरात शिजवायचा नाही. मी मासे खात नाही म्हटलं, तरी त्यांनी तो नियम पुन्हा सांगितला. तळ्याच्या नळाचं पाणी धुण्याभांड्याला चालेल, पण देवाला नाही आणि प्यायलाही नाही. प्यायचं पाणी गावाच्या वरच्या टोकाच्या हापशीवरून, आणि ते आणायचं जिजींनी. पाहुणे आले आणि 'काय छान लोकेशन आहे हो' म्हणाले, की बापू त्यांना चहा न विचारता ओसरीवरून उठून आत जात. माझ्या नवऱ्यालाही त्यांनी तसाच उठून निरोप दिला. तो बिचारा सांगलीहून दीड दिवस प्रवास करून आला होता.

एक मात्र मजेशीर होतं. एरवी ते गावचं बोलणं बोलत, आम्हाला कळेल असं जरा ताणून. पण राग आला की ते सरपंचाच्या खुर्चीत जाऊन बसत आणि एकदम सरकारी मराठी सुरू होई. एकदा मी दोरीवर ओले कपडे टाकले ते त्यांच्या टोपीवर ठिबकले. "सदर दोरी भाडेकरूच्या वापरासाठी नाही याची नोंद घ्यावी," असं त्यांनी मला तोंडावर सांगितलं. मी आत जाऊन हसले. जिजी हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "आसं बोलनात का दोन दिन जेवतस नही."

आता कानबाईचं सांगते, कारण सगळं तिथंच येऊन अडतं.

आमच्याकडे हा सण नाही, त्यामुळे मला पहिल्या वर्षी काहीच ठाऊक नव्हतं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात कानबाई बसते. नारळाला नथ, डोळे, पाटावर चोळीचा खण, बाजूला केळीचे खांब. आणि तिच्यासाठी रोट, म्हणजे गव्हाच्या जाड पोळ्या. रोटाचा गहू मोजायचा तो घरातल्या पुरुषांच्या नावानं, एकेकाचं नाव घेऊन. गावात सव्वा मूठ मोजत. बापूंच्या घरी थोरलेपणामुळे की काय, सव्वा ओंजळ. जेवढे पुरुष तेवढ्या वेळा. तो गहू दळायचा, पीठ चाळायचं नाही, आणि त्याचे रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. परक्याला घास द्यायचा नाही. पौर्णिमेच्या आत सगळं संपवायचं, आणि उरलंच तर वाहत्या पाण्यात सोडायचं.

बापूंना दोन मुली, दोघी सुरतेकडे दिलेल्या. मुलगा नाही. म्हणजे घरात पुरुष एकच. हिशेबानं सव्वा ओंजळ गहू, दोघांना दोन वेळ पुरेल एवढा. बापू मोजत सव्वीस जणांचा.

शुक्रवारी दुपारी ते ओसरीवर टोपली घेऊन बसत आणि मोठ्यानं नावं घेत. "हाई भटूनं. हाई सुकदेवनं. हाई गुलाबनं. हाई गुलाबना धाकला पोऱ्यानं." भिंतीपलीकडे माझ्या वह्या तपासून होत, तरी नावं संपत नसत. जे त्यांच्या उंबऱ्यावर तीस वर्षं चढले नाहीत, रस्त्यात भेटले तर मान फिरवतात, त्या प्रत्येकाचा गहू ते मोजत. भाऊबंदकीत पोरगा जन्मला की त्यांना कळायलाच हवं. गावातल्या सुईणीला, रिक्षावाल्याला, दूधवाल्याला ते विचारत. मी गावच्याच शाळेत शिकवायची, म्हणून मलाही विचारू लागले. "बाई, पहिलीमा आमना आडनावना नवा कोन उना?" मी हौसेनं नावं सांगायची. मला तेव्हा त्यात गोडवा वाटला होता, रुसलेला म्हातारा आपल्या माणसांना विसरत नाही वगैरे. मग शनिवारी जात्याचा आवाज सुरू झाला आणि गोडवा कुठल्या कुठं गेला.

दळायच्या जिजी. सव्वीस माणसांचं, म्हणजे सहा-सात किलो गहू, हातानं, एकटीनं. गावात सगळे केव्हाच गिरणीवर जाऊ लागले होते. गिरणीवाला त्या शनिवारी गिरणी धुऊन, हळदकुंकू लावून ठेवी आणि दिवसभर फक्त कानबाईचं दळण काढी. बापूंना ते मंजूर नव्हतं. "गिरणीना पोटमा कोन्हा कोन्हा दाना ऱ्हास," असं ते म्हणत. मी पहिल्या वर्षी धावत गेले आणि जात्याच्या पलीकडे बसून खुंटा धरला. जिजींनी माझा हात अलगद बाजूला केला. "तू परकी शे व माय. तुन्हा हात लागाले नको." वाईट वाटू नये म्हणून वर माझ्या गालाला पिठाचा हात लावला. ते पीठ त्यांनी लगेच पदरानं पुसून घेतलं.

पुढे पौर्णिमेपर्यंत ती दोन म्हातारी माणसं सव्वीस जणांचे रोट खात. सकाळी रोट, संध्याकाळी रोट. तिसऱ्या दिवसापासून जिजींचं पोट बिघडे. बापू शिक्षा भोगल्यासारखे चावत बसत आणि दर जेवणाला दाराकडे पाहत. रोज दार उघडं. कोणी येत नसे. पौर्णिमेच्या सकाळी उरलेल्या रोटांचं गाठोडं घेऊन दोघं रिक्षानं तापीकाठच्या प्रकाशा गावी जात आणि नदीत सोडून येत. सोमवारचं कानबाईचं विसर्जनही तिथंच. सगळं गाव वाजतगाजत तळ्यावर जाई, आणि हे दोघं नथ घातलेला नारळ मांडीवर घेऊन सहा आसनी रिक्षात अनोळखी बायांच्या मध्ये बसत.

"चिडत नाही तुम्ही?" मी जिजींना एकदा विचारलं. त्या खांद्याला तेल चोळत होत्या. म्हणाल्या, "त्या मोजतस, मी दळस. मोजाले काय लागस? नुसतं तोंड."

चौथ्या वर्षी आकडा एकतीसवर गेला होता. त्या उन्हाळ्यात जिजींचा उजवा खांदा पार गेला. हात कानापर्यंतसुद्धा वर जाईना, वेणी मी घालून देत असे. डॉक्टरांनी जड काम बंद सांगितलं. बापूंनी ते ऐकलं, मान हलवली आणि श्रावणात टोपली काढली.

मी त्याआधीच बांधावर पुतण्याकडे गेले होते. बापूंच्या धाकट्या भावाचा हा मुलगा, बांधावर नाश्त्याचं हॉटेल चालवायचा. वावर बुडालं, मग त्यानं त्याच पाण्याकाठी चूल मांडली. चाळिशीचा, तोंडानं फटकळ, मनानं वाईट नाही. मी त्याला खांद्याचं सांगितलं. म्हटलं, तुम्ही एकदा जेवून या, नाहीतर ती बाई तुमच्या नावाचा गहू दळून दळून मरेल. तो कढईतली भजी उलटत राहिला. मग म्हणाला, "त्या मानूसकरता नही येवाव. मोठी मायकरता येसू. रविवारले. आनि आठ-नऊ जणस्ले संगे लई येसू." मोठी माय म्हणजे जिजी.

मी ते घरी सांगितलं. त्या संध्याकाळी बापूंनी स्वतः ओसरी सारवली, आणि पाट मोजून धुतले. जिजी आत देवापाशी जाऊन रडल्या. तीस वर्षांनी त्यांच्या घरी पंगत बसणार होती, आणि त्यासाठी एकतीस जणांचं पीठ हवं होतं.

शनिवारी सकाळीच बापू तापीच्या आंघोळीसाठी प्रकाशाला गेले. संध्याकाळपर्यंत येणार नव्हते. माझी शाळा सकाळची. अकराला घरी आले तर जिजी जात्यापाशी बसलेल्या. डाव्या हातानं खुंटा ओढताहेत, आणि अख्ख्या सकाळभरात ओंजळभर पीठ पडलं होतं. चेहरा पांढरा. मी म्हटलं, द्या ती पिशवी इकडे. त्या नको नको म्हणाल्या, पण पुष्कळ नाही. गावच्या गिरणीवर नेलं असतं तर बापू परत येताच त्यांच्या कानावर गेलं असतं. म्हणून मी शहाणपणा केला. पिशवी स्कूटीवर टाकली, नंदुरबारला गेले आणि पहिली दिसली त्या गिरणीत दळून आणलं.

शहरातल्या गिरणीवाल्याला कानबाईचं काय? त्यानं माझ्या आधीचं दळण काढलं, माझं टाकलं. आधीचं दळण कळण्याचं होतं. कळणं म्हणजे ज्वारी आणि सालीसकट उडीद, त्याची भाकरी खानदेशात घरोघरी खातात. मी सांगलीची. मला हे सगळं नंतर कळलं. रविवारी पीठ मळताना जिजींना दिसलं असणार, कारण त्यांनी चिमूटभर पीठ तळहातावर घेऊन बोटानं पसरून पाहिलं. मग म्हणाल्या, "त्यास्नी नजर आते कमी शे," आणि मळत राहिल्या.

दुपारी ते आले. पुतण्या, त्याचे दोन भाऊ, चुलत घरातले सहा जण. नवे कपडे, खाली बघत. बापूंनी कोरी टोपी घातली होती. कोणी कोणाच्या पाया पडलं नाही, कोणी 'या' म्हटलं नाही. बापूंनी फक्त हातानं पाट दाखवले आणि ते बसले. मी परकी, म्हणून उंबऱ्याच्या बाहेर उभी. पानांवर खीर, डाळ, गिलक्याची भजी, आणि मध्ये रोट. जिजी डाव्या हातानं वाढत होत्या आणि प्रत्येकाचं नाव घेऊन वाढत होत्या. त्या नावांतली निम्मी पोरं त्यांनी कधी जवळून पाहिलीही नव्हती.

थोरल्यानं पहिला घास घ्यायचा. बापूंनी रोट मोडला. मोडलेली कड त्यांनी डोळ्यांजवळ नेली. मग उजेडाकडे धरली. रोटात उडदाची काळी टरफलं ठिपक्याठिपक्यांनी दिसत होती. नजर कमी झाली होती, तरी एवढी नाही.

"हे पीठ कोणी दळलं?"

शुद्ध मराठी.

जिजी म्हणाल्या, "मी."

"जात्यावर?"

जिजींनी एकदा उंबऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे. मी तोंड उघडलं होतं, शपथेवर सांगते. त्यांनी मान इतकी थोडी हलवली की फक्त मला कळावं. मग त्या म्हणाल्या, "गिरणीमा. मी दळी आनं. हात चालत नही मन्हा."

बापू उठले. "सदर रोट ग्राह्य धरता येणार नाहीत. पंगत रद्द."

पहिल्यांदा कोणाला समजलंच नाही. मग पुतण्या हसला, खरंच हसला. "बापू, आम्हना घर धा वरीसथून गिरणीनंज पीठ ऱ्हास. कानबाईनी काय बी करं नही आम्हले. बसा. खावा द्या."

"तुम्हना घरनं तुम्ही पाहा. आठे नही चालाव."

"खाऊ द्या त्यास्ले," जिजी म्हणाल्या. त्यांचा आवाज मी इतका मोठा कधी ऐकला नव्हता. "तीस वरीस दळं मी. ज्या येत नहीत त्यास्नं दळं. आज उनात. पाया पडस तुम्हना, खाऊ द्या."

बापूंनी ऐकलं नाही. टोकापासून त्यांनी एकेक पान उचलायला सुरुवात केली, स्वतःच्या हातानं, एकावर एक. खीर सांडली, कोऱ्या धोतरावर ओघळली. नऊ माणसं पाटावर बसलेली आणि पुढं काही नाही. पुतण्या शेवटी उठला. न जेवताच त्यानं हात धुतले. ओसरीच्या पायरीवर थांबून म्हणाला, "सही करी तैं इचारं नही. आज उठाडं तैं बी नही इचारं." मग आत बघून, "मोठी माय, तुन्हाकरता उनूत आम्ही." आणि सगळे गेले.

लोक म्हणतात, तत्त्वाचा माणूस. गावात अजून काही म्हातारे त्या पंगतीची गोष्ट बापूंच्या कौतुकानं सांगतात. देवीला फसवू दिलं नाही म्हणतात. मला विचाराल तर तो माणूस घाबरला. तीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते पाटावर येऊन बसलं, आणि आता जेवणं झाल्यावर, विडा हातात देताना, त्यांना काहीतरी बोलावं लागलं असतं. उडदाच्या चार टरफलांनी त्यांची सुटका केली.

त्या दिवसापासून त्यांनी जिजींशी बोलणं टाकलं. ताट पुढं आलं तर जेवत, नाही आलं तर मागत नसत. काही हवं असेल तर भिंतीकडे बघून म्हणत, "पाण्याची व्यवस्था करावी." श्रावण गेला, दिवाळी गेली. मी रोज ठरवायची, की आज सांगायचं. गिरणीत पिशवी मी नेली, कल्पना माझी, त्या बाईचा दोष नाही. जिजी म्हणत, "ऱ्हाऊ दे व माय, तुले घर सोडा लावतीन. येवढी चांगली खोली कोठे भेटी?" आणि मी ते ऐकत होते, कारण ऐकणं सोयीचं होतं. बदलीचा अर्ज वर गेला होता, थोड्या महिन्यांचा प्रश्न होता, कशाला उगाच. शिवाय खोली खरंच चांगली होती, एक खिडकी सोडली तर.

माघात जिजी गेल्या. चार दिवसांच्या तापाचं निमित्त. तोपर्यंत बापू त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते.

भाऊबंद आले, सगळे. मरणाला आमंत्रण लागत नाही. त्यांनी खांदा दिला, सुतक पाळलं, डोकी भादरली. पुतण्या लहान पोरासारखा रडला. पण दहाव्याला त्या घरचं पाणीसुद्धा कोणी घेतलं नाही. नवी मसणवट बांधाच्या खालच्या अंगाला आहे. तिथंही बापू तळ्याकडे पाठ करून बसले होते.

वर्षश्राद्ध आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीच उरकून घेतलं, त्यामुळे पुढच्या श्रावणात सण अडला नाही. तोवर माझ्या बदलीचा आदेश आला होता. सामान बांधून झालं होतं. शुक्रवारी दुपारी भिंतीपलीकडून आवाज आला, "हाई भटूनं. हाई सुकदेवनं." मला खरं वाटेना. मी बाहेर येऊन उभी राहिले. टोपली, ओंजळ, नावं. एकही नाव गाळलं नव्हतं, पुतण्याचंही नाही. एकतीस झाली. शेवटची ओंजळ टाकल्यावर त्यांचे हात गव्हातच राहिले. मला वेड्यासारखं वाटलं, की आता हे एक जास्तीची ओंजळ घेतील. जिच्या नावानं कधी चिमूटभर दाणा मोजला नाही तिच्यासाठी, एकदाच. त्यांनी हात झटकले.

शनिवारी मी शाळेचा निरोप घेऊन दुपारी परत आले, तर बापू माझ्या दारात उभे. चार वर्षांत, पाच वर्षांत, ते माझ्या दारापर्यंत कधी आले नव्हते. टोपी हातात. गव्हाची टोपली पायाशी.

"बाई," ते म्हणाले, "दळाले कोनी नही."

ते सरकारी मराठीत बोलले असते तर कदाचित मला सोपं गेलं असतं. गिरणी गावातच होती, धुतलेली, हळदकुंकू लावलेली, पण ते काही तिथं जाणार नव्हते. ते माझ्याकडे आले होते. ज्या हाताला जिजींनी जात्यावरून बाजूला केलं होतं, तो हात मागायला.

तेव्हा सांगायला हवं होतं. त्याहून बरी वेळ पुन्हा येणार नव्हती. मी म्हणाले, "मी परकी आहे, बापू. माझा हात लागलेला चालत नाही ना तुमच्यात?"

त्यांनी मान हलवली. "हाई बी खरं शे," म्हणाले. टोपली उचलली आणि गेले.

थोड्या वेळानं जातं सुरू झालं. पुरुषाच्या हाताला ते वळण नसतं. दोन फेरे, थांबणं, घशातला आवाज, पुन्हा एक फेरा. एकतीस माणसांचं पीठ होतं, संध्याकाळपर्यंतही झालं नसतं. भिंत एका विटेची होती, सगळं ऐकू येत होतं. माझं चुकलं, गिरणीत मी नेलं होतं, एवढंच बोलायचं होतं. त्यासाठी दाराबाहेर दहा पावलं जावं लागलं असतं. खोलीत गरम व्हायला लागलं होतं. खिडकी तर नव्हतीच. मी उठले आणि पंखा मोठा केला.